कोलस्लॉला सुटणारं पाणी : माझा अनुभव

कोबी चिरा, गाजर किसा, मेयोनीज घाला, कालवा, फ्रिजमध्ये ठेवा. जिथे बघावं तिथे कोलस्लॉची कृती एवढीच. मला अजून राग येतो तो याचाच, कारण पाणी सुटतं हे त्यात कोणी लिहीत नाही.

लेकाच्या वाढदिवसाला घरी बर्गर करायचे होते. कोलस्लॉ सकाळीच करून ठेवलं. छान दाट झालं होतं, चमचा उलटा केला तरी पडत नव्हतं. संध्याकाळी फ्रिजमधून काढलं तर तळाशी बोटभर दुधाळ पाणी आणि वर मलूल कोबी. पाणी ओतून पुन्हा मेयोनीज घातलं. अर्ध्या तासात परत तेच! बर्गरचे पाव खालून भिजून तुटायला लागले.

पुढच्या खेपेला मेयोनीज दीडपट घातलं. कोलस्लॉ तेलकट झालं आणि पाणी सुटायचं ते सुटलंच. त्यानंतर दही पंचात बांधून चक्का केला आणि अर्धं मेयोनीज, अर्धा चक्का असं घेतलं. चव फार चांगली आली, ते प्रमाण मी अजून सोडलेलं नाही. पण दोन तासांनी बघते तर पुन्हा पाणी. तेव्हा खरंच रडू यायचं बाकी होतं.

आत्या आल्या होत्या. त्यांनी भांडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "अगं, खमंग काकडीला काकडी पिळून घेतेस ना? मग कोबी का नाही पिळत?"

मी इतके दिवस मेयोनीजमध्ये चूक शोधत होते, आणि पाणी कोबीचं होतं! कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ड्रेसिंगमधलं मीठ आणि साखर ते बाहेर ओढतात. मेयोनीज म्हणजे थोड्याशा आंबट पाण्यात घट्ट धरलेले तेलाचे बारीक थेंब. त्यात कोबीचं पाणी उतरलं की ते पातळ होणारच. कोशिंबिरीला आपण मीठ आयत्या वेळी घालतो ते याचसाठी. पण कोलस्लॉ आधी करून ठेवायचं असतं, म्हणून इथे उलट करायचं. मीठ आधीच लावायचं आणि पाणी काढून टाकायचं.

अर्धा किलो कोबी विळीवर अगदी बारीक चिरला. किसू नका, किसलेल्या कोबीचा लगदा होतो आणि पाणी जास्त सुटतं. एक सपाट चहाचा चमचा मीठ चोळून कोबी चाळणीत तासभर ठेवला, खाली पातेलं. मग मूठ-मूठ कोबी पंचात घेऊन पिळला. एकूण जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघालं. हेच पाणी वाढदिवसाला भांड्याच्या तळाशी होतं! (ते फेकू नका, थालीपिठाच्या पिठात घाला, फक्त वरून मीठ कमी.) पिळलेला कोबी मऊ पडेल अशी भीती होती, पण दाताखाली चांगला कुरकुरीत लागला. एकदा मी खारट होईल म्हणून तो धुतला, तेव्हा सगळी मेहनत वाया गेली. धुऊ नका, त्याऐवजी ड्रेसिंगमध्ये मीठ घालू नका. विकतच्या मेयोनीजमध्ये ते असतंच.

बाकी सोपं आहे. एक गाजर किसून तेही पिळायचं. पाव वाटी मेयोनीज, पाव वाटी चक्का, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक चहाचा चमचा साखर, मिरपूड. सांगायचं राहिलंच, गड्डा घेताना हातात जड लागणारा, घट्ट पानांचा घ्या. आणि धुतलेली पानं चिरण्याआधी कोरडी पुसा.

कोलस्लॉ हा शब्द मूळ डच, 'कोल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' म्हणजे सॅलड. म्हणजे कोबीची कोशिंबीरच की! म्हणून मी आता त्यात पाव चमचा फेसलेली मोहरी घालते. नाकात जाणारा तो झणका मेयोनीजच्या गुळचटपणाला फार शोभतो.

परवा पुन्हा बर्गर केले. कोलस्लॉ आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि जेवायच्या वेळीच बाहेर काढलं. मेयोनीज घातलेलं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. भांडं तिरकं करून बघितलं. तळ कोरडा होता.