डावा सिलिंडर, रक्तदाबाचे यंत्र आणि फिल शिलिंग

मागच्या नोंदीत मी फार खात्रीने लिहिले होते, की माझ्या राजदूत ३५० या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा डावा सिलिंडर आता पुन्हा सीझ होणार नाही, म्हणजे पिस्टन त्यात अडकणार नाही. ती खात्री गेल्या रविवारी कात्रजच्या चढावर संपली. पिस्टनवर चारही बाजूंना उभे ओरखडे आहेत. आता दुसऱ्या ओव्हरसाइझला, म्हणजे सिलिंडर आणखी रुंद करून मोठ्या पिस्टनवर, जावे लागेल.

त्या नोंदीत मी लीक-टेस्ट केली होती. इंजिनात बाहेरची हवा शिरली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि सीझ होतो, म्हणून दाब भरून गळती शोधायची. जुन्या स्पार्क प्लगचे पोर्सिलीन फोडून त्याच्या कवचात नळी बसवली होती आणि घरातल्या रक्तदाबाच्या यंत्राचा पंप व काटा त्याला जोडला होता. या इंजिनात दोन्ही क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या कप्प्यांच्या) मध्ये रबरी सील नसून लॅबिरिंथ, म्हणजे एकमेकांना न टेकणाऱ्या खाचांची अडवणूक, असल्याने हवा शेजारच्या सिलिंडरकडे पळते, म्हणून दोन्हीकडची तोंडे बंद केली होती. ३०० मिमी पारा, म्हणजे जवळपास सहा पीएसआय, इतका दाब भरल्यावर काटा सहा मिनिटांत जेमतेम २९० वर उतरला. सील उत्तम आहेत, असा निष्कर्ष काढून मी मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) दोन आकड्यांनी वाढवला. थ्रॉटल सोडल्यावरही आयडल खाली यायला वेळ लागतो, हे हवेच्या गळतीचे लक्षण दिसत होते. त्याचा दोष मी केबलला दिला.

चूक चाचणीतच होती. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारे इनटेकचे रबर काढून मी पत्रा थेट सिलिंडरच्या तोंडावर बसवला होता. या वेळी रबर जागेवर ठेवून कार्ब्युरेटरच्या बाजूने बूच मारले, तेव्हा काटा मिनिटभरात १८० वर आला. साबणाचे पाणी लावताच क्लॅम्पच्या खाली, नजरेला न दिसणाऱ्या भागात बुडबुड्यांची रांग उठली. हे रबर एका दुकानदाराने ‘ओरिजिनल’ म्हणून दिले होते. दुकानाचे नाव लिहीत नाही. पण ‘ओरिजिनल’ या शब्दाची किंमत आपल्या बाजारात पिस्टनएवढी पडते.

या सगळ्या काळात फिल शिलिंग यांची वारंवार आठवण आली. अमेरिकेतल्या ‘सायकल’ या मोटरसायकलींच्या मासिकाचे काम सांभाळून त्यांनी संपादक कुक नीलसन यांच्यासाठी डुकाटी ७५० सुपर स्पोर्ट रेसिंगसाठी घडवली. ८० मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून इंजिन ८८३ सीसीच्या आसपास नेले. १९७६ मध्ये डेटोनाच्या सुपरबाइक शर्यतीत ती तिसरी आली आणि १९७७ मध्ये जिंकली. त्या डुकाटीच्या डेस्मो रचनेत व्हॉल्व्ह बंद करण्याचे कामही स्प्रिंगऐवजी रॉकरच करतो, त्यामुळे शिमच्या (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्यांच्या) मापात ढिलाई खपत नाही. अंदाजाने जेट वाढवणारा माझ्यासारखा माणूस त्या इंजिनापाशी आठवडाभरही टिकला नसता.

नवे रबर मागवणार होतो, पण हे लिहितानाच दुसरा विचार सुचला आहे. भोसरीच्या टर्नरकडून ॲल्युमिनियमचे स्टब (आखूड नळकांडी) करून घ्यावेत आणि कार्ब्युरेटर सिलिकॉनच्या आखूड नळीने जोडावा. उष्णता कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचू नये म्हणून स्टब आणि सिलिंडर यांच्यामध्ये बॅकेलाइटची चकती लागेल. टाकीचा रंग आणि क्लिप-ऑन हँडल तोपर्यंत थांबतील.

त्याआधी उजव्या बाजूलाही याच पद्धतीने दाब भरून पाहणार आहे, कारण तिकडचे रबरही त्याच पाकिटातले आहे.