कॅराव्हॅनला डिस्क ब्रेक लावले, त्याबद्दल

२०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून गुहागरात आमच्या दारातही चौकशीला माणसं येतात. आत किती जण झोपतात, पंखा कशावर चालतो, संडासाचं काय करता. मी त्यांना आधी चाकांपाशी नेते.

आमची कॅराव्हॅन म्हणजे गाडीमागे हुकाने जोडलेला, आत राहता येईल असा ट्रेलर. त्याला मूळचे ओव्हररन ब्रेक होते. गाडी हळू झाली की ट्रेलर हुकावर रेटतो, त्या रेट्याने पुढच्या दांड्यातला मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि लायनर, म्हणजे ब्रेकचे पट्टे, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून चिकटतात. वायर नाही, बॅटरी नाही. सपाट रस्त्यावर हे छान चालतं. पण आम्हाला देशावर जायचं तर घाट चढायचा आणि घरी यायचं तर तोच उतरायचा. आमचा घाट कुंभार्ली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर धरली तरी ट्रेलर मागून रेटतच असतो, म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत त्याचे ब्रेक लागलेलेच. चिऱ्याच्या ट्रकांच्या रांगेत काट्यावर वजन केलं, तर सामानासकट १२०० किलो भरलं. एवढं वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी उष्णता निघते तिच्यात साधारण २० लिटर पाण्याला उकळी फुटेल. थोडी इंजिन आणि वारा घेतो, बाकीची ड्रममध्ये साठते. पायथ्याच्या पोफळीला उतरून चाकाजवळ हात नेला की धग लागायची आणि लायनरचा करपट वास यायचा. ड्रम तापून प्रसरण पावला आणि लायनरची पकड सुटली की ट्रेलरचं सगळं ओझं गाडीच्या ब्रेकवर येतं, आणि तेही तापलेलेच असतात.

फेरीबोटीचीही अडचण होती. धोपाव्याच्या जेटीवर उतारावर मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून हुकाजवळचा खटका लावायचा, नाहीतर ट्रेलर स्वतःच ब्रेक लावून बसणार. मागे जीप, टेम्पो हॉर्न देत उभे.

चिपळूणचे मिस्त्री म्हणाले, "ताई, नवे लायनर टाकून देतो, निम्म्याहून कमी पैशात काम होईल." त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं, पण नव्या लायनरने घाट बदलत नाही. इलेक्ट्रिक ड्रमचाही विचार केला. त्यात ड्रमच्या आत विद्युतचुंबक असतो, करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो आणि लायनर फाकवतो. खर्च बेताचा, रचना सोपी. पण भरतीच्या वेळी जेटीवर चाकं खाऱ्या पाण्यात जातात, ते पाणी आणि रेती ड्रममध्ये अडकून राहते, आणि चुंबकाच्या बारीक वायरी तिथेच. म्हणून डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवतात. ती उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते आणि धुता येते.

आता ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर बॅटरीवर चालणारा छोटा हायड्रॉलिक पंप आहे. गाडीत स्टिअरिंगखाली कंट्रोलर आहे, तो गाडी किती जोरात थांबतेय हे ओळखून पंपाला तेवढाच इशारा देतो. पंप घेताना एक गोष्ट नक्की बघा: ड्रमसाठीचा पंप १००० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब देतो, डिस्कला १६०० च्या आसपास लागतो. दोन्ही दिसायला सारखेच. पंपाला बॅटरीपासून जाड वायर द्या. ब्रेकच्या नळ्या साध्या लोखंडी न घेता तांबं-निकेलच्या घेतल्या, आमच्याकडच्या हवेत लोखंड टिकत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती कंट्रोलरवरची हाताने दाबायची कळ. ट्रेलर शेपूट हलवायला लागला की गाडीचा ब्रेक न दाबता नुसता ट्रेलरचा ब्रेक लावायचा, तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाने हे रिकाम्या रस्त्यावर करून पाहिलंय, माझ्या सासऱ्यांनीसुद्धा.

दुसरी जीव वाचवणारी वस्तू म्हणजे ब्रेकअवे स्विच. हूक सुटलाच तर तारेने पिन ओढली जाते आणि ट्रेलर आपल्याच बॅटरीवर ब्रेक लावतो. ही तार हुकाच्या गोळ्याला अडकवलेली मी अनेक ट्रेलरवर पाहिली आहे. गोळाच निखळला तर तार त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागेवरच राहील. ती गाडीच्या चासीला अडकवा, कृपा करून.

घाटात आता लायनरचा वास येत नाही. मी गाडी खालच्या गिअरवर ठेवते, अधूनमधून ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवते आणि सोडते, म्हणजे डिस्कला निवायला वेळ मिळतो. खटक्यासाठी जेटीवर उतरावं लागत नाही.

मात्र डिस्क लावली म्हणजे देखभाल संपली असं नाही. जेटीवरून आलं की त्याच दिवशी चाकांवर गोडं पाणी मारायचं. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ वर येते, आणि आमच्या पावसाळ्यात भिंतीलासुद्धा बुरशी येते. म्हणून दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी दोन्ही चाकांतून जुनं तेल काढायचं, नवं भरायचं, हवा काढायची, आणि मगच ट्रेलर रस्त्यावर आणायचा.