बोर्ड दर बुधवारी, चाचणी मात्र कधीतरी

बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र निघायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "चाचणी झाली का लेकराची?" झाली असेल तर काम थोडंच उरलंय. झाली नसेल तर बाकी किती दिवस ते कुणीच सांगू शकत नाही. आमचा ऑनलाईन अर्ज अर्ध्या तासात भरून झाला. दिव्यांगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर आम्ही दहा मिनिटं उभे होतो. या दोन्हींच्या मध्ये पाच महिने गेले, ते सगळे बुद्ध्यांक चाचणीच्या एका कागदापायी. म्हणून इथे त्या कागदाबद्दलच जास्त लिहिणार आहे. आमच्या जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या आयाही हेच सांगतात.

अर्ज 'स्वावलंबन' या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा, त्यालाच यूडीआयडी म्हणतात. पैसे लागत नाहीत. लेकराचं आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल हाताशी असला की झालं. निळं बाल आधार असेल आणि ५ वर्षं पूर्ण झाली असतील, तर आधी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्या. नावाचंही बघा. आधारवर आडनाव आधी, जन्मदाखल्यावर लेकराचं नाव आधी आणि शाळेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, असं आपल्याकडे घरोघरी असतं. ते अर्ज टाकण्याआधी दुरुस्त करा, नंतर फार घोळ होतो.

अर्जातला एक रकाना मात्र मी सगळ्यात कमी विचार करून भरला आणि पुढचं सगळं तिथेच अडलं. तो रकाना म्हणजे तपासणीचं रुग्णालय. आपला जिल्हा, म्हणून आपलं जिल्हा रुग्णालय, असं मी निवडून टाकलं. बोर्ड तिथे दर बुधवारी बसतं, हे खरं. अस्थिव्यंग असेल, डोळ्यांचं असेल, तर बुधवारी जाऊन माणूस मोकळा होतो. पण बौद्धिक दिव्यांगत्वाला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची चाचणी लागते आणि ते पद आमच्याकडे रिकामं होतं. मग बोर्डाचे डॉक्टर पत्र देतात, वैद्यकीय महाविद्यालयात जा, चाचणी करून रिपोर्ट घेऊन या. ते महाविद्यालय दुसऱ्या जिल्ह्यात, जाऊन-येऊन १२० किलोमीटर.

नियम असा आहे की अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो किंवा लेकराचे उपचार ज्या सरकारी रुग्णालयात चालू आहेत तिथेही करता येतो. हे मला खिडकीवर कुणी सांगितलं नाही. तुमच्या लेकराचा केस पेपर आधीच संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, लातूरला किंवा नांदेडच्या विष्णुपुरीला असेल, तर अर्जात उपचाराच्या जिल्ह्याचा पर्याय घेऊन ते रुग्णालय यादीत शोधा. चाचणी आणि बोर्ड एकाच आवारात मिळालं तर निम्म्या खेपा वाचतात. पण अर्ज टाकण्याआधी मानसोपचार विभागात जाऊन एवढंच विचारा, "चाचणी घेणारे कायमचे आहेत का, आणि कोणत्या वारी घेतात?" ओपीडी रोज असते म्हणजे चाचणी रोज असते, असं नाही. आमच्या वेळी आठवड्यातले दोन वार होते आणि त्या दिवशी पहिली दहा नावं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मॅडम रजेवर होत्या. दुसऱ्यांदा वार चुकला. तिसऱ्यांदा नंबर लागला, पण दुपारी दीड वाजता, आणि लेकरू पहाटेच्या एसटीत उलट्या करून गळून गेलेलं. तरी टेबलावर बसवलं. सेग्विनच्या लाकडी पाटीत दहा आकार बसवायचे असतात, घरी तो गोल आणि चौकोन पटकन बसवतो. तिथे त्याने चांदणी तोंडात घातली आणि टेबलाखाली बसला.

अशा वेळी चाचणी रेटू नका. "आज लेकरू बरं नाही, पुढची तारीख द्या" म्हणायला संकोच वाटतो, कारण पुन्हा खेप पडणार. तरी म्हणा. थकलेल्या लेकराचा आकडा खोटा येतो आणि तो पुढे कित्येक वर्षं कागदावर राहतो. शक्य असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा. सोबत त्याच्या सवयीचं खाणं, पाण्याची बाटली, एक ओळखीचं खेळणं आणि कपड्यांचा जोड ठेवा. झटक्याची गोळी चालू असेल तर ती चुकवू नका आणि चिठ्ठी दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टक्के ठरतात ते लेकराच्या कोड्यांपेक्षा आईच्या उत्तरांवर. व्हाईनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल नावाची चाचणी असते, तिच्या भारतीय आवृत्तीत ८९ प्रश्न आहेत. ती लेकराची परीक्षा नसते. लेकरू रोजच्या जगण्यात काय काय करतं, हे पालकाला विचारतात. त्यावरून सामाजिक वय काढतात, त्याला खऱ्या वयाने भागून १०० ने गुणतात. २०१८ साली राजपत्रात आलेल्या सूचनांप्रमाणे (त्या २०२४ मध्ये सुधारल्या आहेत) हा आकडा ७० ते ८४ आला तर २५ टक्के दिव्यांगत्व, ५५ ते ६९ ला ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० टक्के आणि २० किंवा त्याखाली १०० टक्के.

हिशोब करून बघा. लेकरू ८ वर्षांचं, म्हणजे ९६ महिने. सामाजिक वय ४ वर्षं निघालं तर आकडा ५०, दिव्यांगत्व ७५ टक्के. साडेचार वर्षं निघालं तर ५६, लगेच ५० टक्के. ५ वर्षं ८ महिने निघालं तर आकडा ७० च्या वर आणि हातात २५ टक्के. टक्के ४० च्या खाली गेले की बहुतेक योजनांचं दार बंद. दोन-चार प्रश्नांना "हो" म्हटल्याने एवढा फरक पडतो.

आणि आपण आया "हो" म्हणतोच. मॅडम विचारतात, "हाताने जेवतो का?" आई म्हणते, "जेवतो की." खरं काय, तर भाकर ती वरणात कुस्करून देते, ताट भिंतीला टेकवून ठेवते, आणि तो चार घास खाऊन उठतो, मग उरलेलं ती मागे फिरून भरवते. "कपडे घालतो?" "घालतो." बटणं कोण लावतं? "शौचाला स्वतः जातो?" "जातो." धुवून कोण देतं? लेकरात उणं सांगायला जीभ रेटत नाही, त्यात बाहेर सासू बसलेली. पण प्रश्न लेकराच्या कौतुकाचा नसतो, कुणाच्या मदतीशिवाय आणि नेहमी करतो का, एवढाच असतो. कधीतरी एकदा केलं म्हणजे येतं, असं धरत नाहीत.

मी दुसऱ्या खेपेनंतर एक वही केली. आठ दिवस, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत: काय स्वतः केलं, काय सांगितल्यावर केलं, काय मी करून दिलं. तीन रकाने. दुकानातून वस्तू आणतो का, रस्ता ओलांडताना थांबतो का, घरचा पत्ता सांगतो का, हेही त्यात. मॅडमनी ती वही समोर ठेवून प्रश्न विचारले. याच्या उलट, टक्के वाढावेत म्हणून "काहीच येत नाही" सांगणारेही भेटतात, आणि गेटवर 'करून देतो' म्हणणारे तर असतातच. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या मार्गाने लाभ घेतला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि टक्के कमी लावले असं खरंच वाटत असेल, तर कलम ५९ नुसार अपील करता येतं. त्यासाठी रिपोर्टची आणि वहीची झेरॉक्स जपून ठेवा.

रिपोर्ट हातात पडला की तिथल्या तिथे, खिडकी सोडण्याआधी वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का, वय वर्षं आणि महिन्यांत आहे का, चाचण्यांची नावं, आकडा, तारीख, सही, गोल शिक्का, चाचणी घेणाऱ्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि लेकराच्या फोटोवर अर्धा फोटोवर-अर्धा कागदावर असा शिक्का. आमच्या रिपोर्टवर हे सगळं होतं, फक्त फोटोवर शिक्का नव्हता. बुधवारी बोर्डाने कागद परत दिला. एका शिक्क्यासाठी पुन्हा १२० किलोमीटर आणि पुढचा बुधवार. शिक्का मारायला त्या मामांना दोन सेकंदं लागली. ते दोन सेकंद मी अजून विसरले नाही.

शिक्का मारून आणल्यावर बोर्डात काहीच अडलं नाही. कार्ड पोस्टाने घरी येतं, त्याआधी पोर्टलवरून ई-कार्ड आणि प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि वर निळं.

मुदतीचं आधीच सांगायला हवं होतं. एक वर्ष पूर्ण झाल्यावर पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना 'विकासात्मक विलंब' म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, ते जास्तीत जास्त तीन वर्षं किंवा पाचव्या वर्षापर्यंत, जे आधी येईल तोवर चालतं. मग ५, १० आणि १८ व्या वर्षी नव्याने. १८ चं कायमचं. अध्ययन अक्षमता असेल तर आठव्या वर्षाआधी प्रमाणपत्र मिळतच नाही, त्यामुळे पहिलीतल्या लेकराला घेऊन बोर्डात जाऊ नका. स्वमग्नतेला आयएसएए ही ४० मुद्द्यांची वेगळी मोजपट्टी लावतात, तिथेही घरातल्या नोंदींची वही उपयोगी पडते.

शाळेचं आमच्याकडे सुरळीत झालं, म्हणून थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेला दिव्यांग लेकरू नाकारता येत नाही. ४० टक्के आणि वर असेल तर ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ मध्ये आहे, मग शेजारची शाळा घ्या नाही तर विशेष शाळा. खासगी शाळेतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांत दिव्यांग लेकराला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, प्रमाणपत्र पुरतं. प्रवेशानंतर मुख्याध्यापकांकडे एकच गोष्ट बघा, यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, लेकराची दिव्यांग म्हणून नोंद झाली का. बरेचदा तो रकाना कोराच राहतो. नोंद नसेल तर 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतला प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, सहायक साहित्य वाटपाचं शिबिर, यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण विभागाच्या केंद्रातून येतात. त्यांचा वार विचारून ठेवा, तो दिवस लेकरू घरी राहू देऊ नका. शाळेत येणंच शक्य नसेल तर घरी येऊन शिकवण्याची सोय त्यांच्याकडूनच होते.

निवासी विशेष शाळेत घालायचं असेल तर इमारत बघून भुलू नका. दिव्यांग कल्याण विभागाची नोंदणी चालू आहे का, शिक्षकांना पुनर्वास परिषदेचा क्रमांक आहे का, रात्री मुलांजवळ कोण झोपतं आणि झटका आला तर कुठल्या दवाखान्यात नेतात, हे विचारा. उत्तर देताना कोण चाचरतं ते लक्षात येतं.

प्रमाणपत्र हाती आल्यावर 'निरामय' विमा लगेच काढा, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांना एक लाखाचं संरक्षण आहे. घरात कुणी जुन्या पद्धतीने आयकर भरत असेल तर ८०डीडीखाली ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००. एसटीत लेकराला ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही अर्धं तिकीट. आईला तर मार्च २०२३ पासून तसंही अर्धंच आहे, बाप सोबत असेल तेव्हा याचा फरक पडतो. कार्डाच्या दोन रंगीत झेरॉक्स पिशवीत ठेवा आणि मूळ कार्ड कंडक्टरला दाखवून लगेच परत घ्या, आमचं एकदा सीटवर राहिलं होतं.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी टाकायचा. आमच्या लेकराला दहा वर्षं व्हायला अजून चार महिने आहेत. अर्ज गेल्या आठवड्यात टाकला, यावेळी तो रुग्णालयाचा रकाना विचारून भरलाय. वही परवापासून पुन्हा सुरू केलीय. बटणं आता तो स्वतः लावतो, वरचं एक सोडून.