आमची वाटचाल आणि काउंटरवरचा तो पाइप

2009 साली नागपूरजवळ वाडीला टर्बो दुरुस्तीचं शटर उघडलं. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा. तेव्हा आमच्याकडे टर्बो यायचे ते ट्रकचे. भागीदार आणि मी, दोघांत मिळून एक बेंच व्हाइस, सर्क्लिप प्लायर आणि एक डायल गेज. भागीदार पुढे रायपूरला गेला, गेज मात्र ठेवून गेला. अजून तोच वापरतो. टर्बोचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, बोटाने हलवून "प्ले आला (ढिला झाला), टर्बो गेला" सांगणारे गल्लोगल्ली आहेत. अहो, कोरडा शाफ्ट बाजूला थोडा हलणारच, ती जागा ऑईलच्या थराची आहे. पुढे-मागे किती सरकतो ते गेजवर बघा, मग बोला.

मग डिझेल कार घरोघरी आल्या, धंदा बरा चालला.

2017 मध्ये आमच्याच हाताखाली शिकलेल्या पोराने तीन शटर सोडून दुकान टाकलं. चौदा हजारांचं काम सात हजारांत! जुनी गिऱ्हाइकं माझ्या दारावरून तिकडे जाताना मी पाहिली. "भाऊ, तुम्ही लय महाग करून राहिले ना," हेही ऐकलं. बॅलन्सिंग मशीनचे हप्ते थकले, दोन पोरांना घरी बसवलं. त्या दिवसांत काटोलच्या काकांनी संत्र्याच्या दोन पेट्या आणि ओळखीतल्या तीन गाड्या पाठवल्या. हे मी विसरत नाही.

सात हजारांचं गुपित पुढे कळलं. हा गडी नुसता कोर, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, बदलायचा; टर्बोला ऑईल पोचवणारा फीड पाइप जुनाच. तिथलाच एक पाइप मी हॅक्सॉने उभा कापून काउंटरवर ठेवलाय. आत कार्बन इतका बसलाय की सायकलचा स्पोकही जात नाही. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या शाफ्टला त्यातून ऑईल कुठून मिळणार? महिना-दीड महिन्यात निळा धूर, सीटी, आणि गाडी परत आमच्या दारात.

काकांच्या डिझेलला 2,80,000 किलोमीटर झाले, टर्बो कंपनीतून आलेलाच आहे. ऑईल ते आठ हजार किलोमीटरवरच बदलतात. घरी आले की इंजिन चालू ठेवून उतरतात, बागेच्या फाटकाचं कुलूप काढतात, गाडी सावकाश आत घेतात, मग चावी फिरवतात. तेवढ्यात टर्बो निवतो. तुम्ही समृद्धीवर 120 ने येता आणि ढाब्यावर खटकन बंद करता. बाहेर 45 डिग्री, आत लालबुंद टर्बाइन, थांबलेलं ऑईल तिथेच जळून चिकटतं. पेट्रोल टर्बोवाल्यांनो, तुमचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षाही तापतो. आणि टॉप गिअरमध्ये 1,200 आरपीएमवर पाय दाबू नका, गिअर उतरवा. तसं दाबून पिस्टन फुटला तर ते काम माझं नाही.

तो पोरगा आता टायर विकतो. मागच्या महिन्यात स्वतःच्या गाडीचा टर्बो घेऊन आला होता. कोर बदलून दिला. फीड पाइप बिलात वेगळा लावला.