कादंबरी सांगतंय कोण?

एखादी कादंबरी कशी आहे असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा विषयापासून सुरू होतं. महाभारतावर आहे, दुष्काळावर आहे, धरणावर आहे. विषयाला माझी ना नाही. पण गाजलेल्या जुन्या आणि थोड्या अलीकडच्या मराठी कादंबऱ्या एकामागून एक वाचत गेलं की विषय मागे पडतो आणि एकच गोष्ट तपासावीशी वाटते. हे सगळं आपल्याला सांगतंय कोण, आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत त्याचाच राहतो का? पुढची मतं याच एका मोजपट्टीने दिली आहेत, त्यामुळे काही कादंबऱ्यांवर अन्याय होणार हे गृहीत धरा.

सुरुवात दैवतांपासूनच करू. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण आपापल्या तोंडाने सांगतात. योजना म्हणून झकास. आता पुस्तक मधेच कुठेही उघडा आणि नाव न बघता पानभर मजकूर वाचून कोण बोलतंय ते ओळखा. ‘माझा पुत्र’, ‘माझा मित्र’ असा धागा सापडला तर ओळखाल, नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून ओळखणं कठीण. सारथ्याचा मुलगा शोण आणि राजवाड्यात वाढलेला दुर्योधन एकाच घडणीची वाक्यं बोलतात. आधी उपमा, तिला जोडून दुसरी उपमा, मग स्वतःलाच विचारलेला प्रश्न. सहा निवेदक घ्यायचे ते एकच माणूस सहा बाजूंनी दिसावा म्हणून. इथे दुर्योधनाचा स्वार्थ वगळला तर बाकी सगळे कर्णाकडे मान वर करूनच बघतात. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण कर्णावरच्या अन्यायाची चढण सावंतांनी पक्की बांधली आहे. ही पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचायची कादंबरी, आणि त्या वयाला तिच्या तोडीची दुसरी नाही. चाळिशीनंतर मात्र पुन्हा उघडू नये.

मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’चंही दुखणं तेच. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, पण तिघांच्याही आड खांडेकर बसलेले. दर चार वाक्यांनी एक वहीत उतरवून घ्यावं असं वाक्य येतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती उतरवून घेतलीही. अडचण एवढीच की नवऱ्यावर संतापलेली बाई सुभाषितं बोलत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२). सगळी पत्रं एकटीची. समोरच्याची पत्रं आपल्याला वाचायला मिळत नाहीत, त्यामुळे त्याने काय लिहिलं असेल ते सावित्रीच्या उत्तरांवरून ताडायचं. एका बैठकीत वाचू नका. दीड-दोन तासांत संपते आणि ‘एवढंच?’ असं वाटून हातात काही राहत नाही. दोन-तीन पत्रं वाचून थांबावं, म्हणजे मधल्या काळात काय घडलं असेल याचा विचार आपोआप सुरू होतो. महायुद्धाच्या काळातलं जपानसुद्धा इथे बातमीसारखं येत नाही, पत्रांच्या खंडातून जाणवतं. माझी तक्रार एकच आहे. सावित्री पहिल्या पत्रापासून शहाणी आहे. एकदाही ती क्षुद्र रागावत नाही, टोमणा मारत नाही. इतकं स्वच्छ मन पत्रातसुद्धा संशयास्पद वाटतं.

निवेदकाने गप्प कसं राहावं हे बघायचं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर हे सांगतो. आता यातल्या मोहाच्या जागा मोजा. कारभाऱ्याची मुलगी अंजी, तिच्या चोळीवरून कारभाऱ्याचा झालेला गैरसमज. दुसऱ्या कुणा लेखकाने त्यातून शंभर पानांचं प्रेमप्रकरण काढलं असतं. इथे ते येतं आणि विरून जातं. शेकूजवळ जोडीचा दुसरा बैल नसतो तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा लावते, तो प्रसंग मुद्दाम दोनदा वाचा. पहिल्यांदा काय घडतंय ते बघा आणि दुसऱ्यांदा मास्तर काय बोलत नाही ते बघा. ना उसासा, ना स्त्रीच्या सोशिकपणावर भाष्य. जू, खांदा, तास, बस्स. दुष्काळात वाडी उठून जाते तेव्हाही तो असाच बाजूला उभा राहून सांगतो, म्हणून ते अंगावर येतं.

मला सर्वात जास्त खिळवून ठेवते ती मात्र दोन शिंपी-घरांची जोडी. उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) लागोपाठ वाचाव्यात. दोन्हींत खेड्यातला शिंपी, दोन्हींत घर मोडत जातं, दोन्हींत केंद्र बायकोच. फरक सांगण्यात आहे. ‘धग’मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत. कौतिक, महादेव, त्यांची पोरं तोंड उघडतात तेव्हा ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ सुरू होतं आणि संवाद संपला की लेखक पुन्हा पुस्तकी मराठीत येतो. हे सांधे सुरुवातीला खडबडीत लागतात. पण शेळके संवादांना इतकी जागा देतात की पन्नासेक पानांनंतर निवेदन फक्त दाराची कडी काढण्यापुरतं उरतं. महादेवाचं आजारपण, कामाचा कंटाळा, कौतिकची मजुरी हे सगळं भांडणांतूनच कळतं. भांडण लिहावं तर शेळक्यांनी. कुणी कुणाला पटवून देत नाही, विषय सरकत जातो, मधेच पोराला हाक मारली जाते आणि मूळ मुद्दा तसाच राहतो.

‘पाचोळा’त बोराड्यांनी सांधाच काढून टाकला. शिंप्याची बायको पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठवाड्याच्या बोलीत बोलते. त्यामुळे तिला जे माहीत नाही ते आपल्यालाही कळत नाही. गावातल्या वजनदार माणसांशी नवऱ्याचं वाकडं येतं तेव्हा चावडीवर काय शिजतंय ते तिच्या कानावर येईल तेवढंच आपल्या वाट्याला येतं. नवऱ्याचा ताठा तिला पटतही नाही आणि मोडवतही नाही. हा पेच लेखकाने समजावून सांगायला घेतला असता तर फसला असता.

बोलीतली कादंबरी वाचताना बहुतेक जण पहिल्या दहा पानांतच पुस्तक मिटतात, कारण प्रत्येक अनोळखी शब्दापाशी अडतात. अडू नये. पहिली पंधरा-वीस पानं मोठ्याने वाचावीत, संवाद तर नक्कीच. डोळ्याला अवघड दिसणारी ओळ कानाला बहुधा सोपी लागते. तोच शब्द पुन्हा दोन-तीनदा आला की अर्थ आपसूक लागतो. शब्दकोश शेवटी. आणि नव्या आवृत्त्यांतली प्रस्तावना त्याहूनही शेवटी! विद्वान प्रस्तावनाकार कोण मरतं ते दुसऱ्याच परिच्छेदात सांगून मोकळे होतात.

विश्राम बेडेकरांची एकुलती एक कादंबरी ‘रणांगण’ (१९३९) वेगळ्या कारणासाठी वाचावी. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि नाझींपासून पळालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. सांगणारा चक्रधर आहे आणि तो काही फार चांगला माणूस नाही. स्वतःचा भित्रेपणा तो शहाणपणाच्या कपड्यात पुढे करतो. आपण त्याच्यावर विश्वास ठेवत जातो आणि मुंबई जवळ आली की फसगत लक्षात येते. बोटीवरच्या राष्ट्रवादाच्या चर्चा आज थोड्या व्याख्यानी वाटतात, त्या भरभर वाचल्या तरी चालतील.

भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल (१९६३) इतकं लिहून झालंय की एवढंच म्हणतो: सांगणाऱ्या पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग आजही तसाच भाजतो, हॉस्टेलच्या गमती मात्र लांबल्या आहेत.

नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ला (१९९७) जितके वाचक मिळायला हवे होते तितके मिळाले नाहीत. बंगालवरच्या मराठी स्वाऱ्या आणि प्लासी, पण सांगणारा हेरगिरीवर पोट भरणारा अंताजी. ऐतिहासिक कादंबरीत हमखास येणारं तळपणं, गर्जणं, स्फुरण चढणं इथे औषधालाही नाही. पगार थकलेला आहे, घोडा आजारी आहे, लुटीचा वाटा कमी आला आहे, अशा नजरेने इतिहास दिसतो. वाचताना शेजारी बंगाल-ओडिशाचा नकाशा ठेवा, नाहीतर मधल्या मुक्कामांत हरवाल. उणीव अशी की अंताजी कधीकधी अठराव्या शतकाच्या मानाने फारच पुढचं बोलतो. लेखकाची बुद्धी त्याच्या पगडीतून डोकावते.

कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा ती धरणग्रस्तांची कादंबरी म्हणून ओळखली गेली. ते खरं आहे, पण तेवढ्यावर ती विकत घेतली तर निराशा होईल. सरकारी कचेऱ्या, मोर्चे, मोबदल्याचे हिशेब यांत तिचा जीव नाही. गाव उठलं, म्हैस मागे राहिली, रानटी झाली, आणि देवाप्पा तिला आणायला पुन्हा त्या रानात शिरतो, यात आहे. माणूस आणि जनावर एकमेकांचा अंदाज घेतात ती पानं हळू वाचावीत. वाक्यं तुटक आहेत आणि काही ठिकाणी तेच ते फिरून येतं. संपादकाने वीस-पंचवीस पानं कापली असती तर म्हैस आणखी जवळ आली असती.