सामाईक भिंत

शुक्रवार, रात्री उशिरा

काकांचा कोरल, म्हणजे प्रवाळ, आज ओळखता आला. गिरगावातली जागा रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याचा फिशटँक मोडला आणि त्यांच्याकडेच वर्षानुवर्षं वाढलेला हा मूठभर गोळा माझ्याकडे आला. एका कडेचा मांसल थर मागे हटलेला, उघड्या सांगाड्यावर हिरवं शेवाळ, उरलेला भाग मळकट तपकिरी. काका त्याला ‘ब्रेन’ म्हणायचे, पण या नावाखाली कितीतरी वेगवेगळे कोरल खपतात. रंगावरून दगडी कोरल ओळखायला जाऊच नये, उजेड बदलला की रंगही बदलतो. बघायचा तो सांगाडा.

मऊ ब्रशने शेवाळ काढलं आणि भिंग घेऊन बसले. झडलेली कडाच कामाला आली. एकेका पॉलिपची (कोरल ज्या इवल्या जिवांचा बनतो, त्यातल्या एकाची) वाटी, तिच्या काठापासून मध्याकडे उतरणारे पातळ, करवतीसारखे पडदे, सगळं लख्ख दिसत होतं. दोन वाट्यांना स्वतंत्र भिंती आणि मधे खाच असती, तर तो डिप्सास्ट्रिया वंशातला. इथे मात्र चाळीतल्या खोल्यांसारखी भिंत सामाईक. म्हणजे वंश फॅव्हाइट्स. त्यापुढे नेमकी जात कोणती, हे घरच्या भिंगाने ठरवू नये.

वंश कळला आणि जागा ठरली: खाली, मंद उजेडात, वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाच्या, थेट झोतापासून दूर. शेजारी कोणी नको, कारण रात्री हा लांब डंखधारी शुंडके सोडून आजूबाजूच्यांना जाळतो. तपकिरी रंगाची मला फारशी काळजी नाही. पेशींत राहणारं शैवाल दाटलं की असं होतं. पांढरा पडला असता तर ते शैवालच गेलं असतं, आणि याचं बहुतेक अन्न तेच उजेडावर तयार करतं.

पाण्याचे आकडे ठीक आहेत: क्षारता ८.५ डीकेएच (क्षारतेचं एकक), कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएम, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. काही जण हे आकडे वाढवायला रोज रसायनांची नवी बाटली ओततात, ते मला पटत नाही. आजारी कोरलला आकड्यांची उडी सोसत नाही, क्षारतेची तर नाहीच. खरी लढाई तापमानाशी. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, त्यामुळे नुसत्या पंख्याने टँक थंड होत नाही. चिलर लावून २६ अंश सांभाळते.

आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ पाण्यातही दगडी कोरल तग धरतात, याचं मला फार अप्रूप आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे कोरल उचलून दुसरीकडे बसवले होते. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ओहोटीला दिसले तर डोळे भरून पाहावेत, हात लावू नये.

आज टँकचे दिवे मालवल्यावर पंप बंद केला. थोड्या वेळाने वाट्यांच्या काठावर शुंडकं आली. ड्रॉपरने मायसिसचा (कोळंबीसारख्या इवल्या जिवाचा) बारीक तुकडा एका तोंडाशी सोडला. तो चिकटला, तोंड हळूहळू उघडलं, तुकडा आत गेला. फार बरं वाटलं. कडेला थराची नवी, फुगीर किनार सांगाड्यावर सरकू लागली आहे. उजेड इतक्यात वाढवणार नाही. उद्या फक्त क्षारता मोजायची.