भाताच्या मळ्यात वांगी: रोपं लावली आणि जगवली

आमच्या मालवण भागात वांग्याचं रोप दोनदा मरतं. एकदा लावल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत, उन्हाने. आणि दुसऱ्यांदा अगदी फुलावर आल्यावर, वरून काही कारण दिसत नसताना. पहिल्या मरण्यावर सगळेच उपाय सांगतात. दुसऱ्याने आमचं परडं पार उजाड केलं होतं, म्हणून आधी त्याचंच सांगते.

सकाळी झाड टवटवीत असायचं, दुपारी मान टाकायचं, सांजेला परत थोडं उठायचं. पाणी कमी पडलं असं वाटून आम्ही पाणी घालायचो. दोन-तीन दिवसांत झाड हिरवंच्या हिरवंच वाळून जायचं, पानं पिवळीसुद्धा पडत नसत. शेवटी एका जाणत्या शेतकऱ्याने परीक्षा दाखवली. सुकू लागलेलं झाड उपटलं, जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापला आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात नुसतं टेकवून धरलं. हात अजिबात हलवायचा नाही. थोड्या वेळाने कापातून दुधाळ पांढरा धागा सुटला आणि सरळ खाली उतरत गेला. ही जिवाणूंची मर. बुरशीने सुकलेल्या झाडातून असा धागा येत नाही.

हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ऊब, ओल आणि आम्लधर्मी जमीन त्याला मानवते, आणि जांभ्याच्या तांबड्या मातीत हे तिन्ही आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातले, त्यामुळे त्याच जागेत पीक बदललं असं म्हणून वांग्याच्या जागी टोमॅटो लावला तरी उपयोग नाही. फवारणीने तर तो जातच नाही. पण पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत त्याचा जोर कमी होतो. म्हणून परड्यात आता लाल माठ, मुळा, चवळी करतो आणि वांगी नेली विहिरीखालच्या भाताच्या मळ्यात. बी सुद्धा बदललं. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ हे वाण मरीला दाद न देणारे म्हणूनच काढलेले आहेत. आम्ही नीलकंठ घेतलं. मिरचीला मात्र दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती.

भात कापलं की लगेच लावणीची घाई करू नये, असं माझं ठाम मत झालंय. ऑक्टोबरातलं ऊन रोपांना झेपत नाही आणि पाऊसही गेला गेला म्हणताना परत येतो. २०१९ साली क्यार वादळाच्या पावसाने ऑक्टोबरच्या शेवटी कापलेलं भात शेतात भिजलं. २००९चं फयान तर ११ नोव्हेंबरला आलं होतं. मळ्याची माती खणल्यावर चिकट ढेकळं निघत असतील तर थांबायचं, हातात भुगा व्हायला लागली की सरी-वरंबे काढायचे. पाणी साचेल तिथे वांगी नकोतच. कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून ते आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं होतं, तेच वरंब्यात घातलं.

रोपं वीतभर उंचीच्या गादीवाफ्यावर केली होती, बी पातळ पेरून. दाट पेरलं की रोपं उंच, लुसलुशीत होतात आणि वारा लागताच आडवी पडतात. वांगी-मिरचीचं रोप पाच-सहा आठवड्यांचं, पाच-सहा पानांचं, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक खोडाचं झालं की लावायला तयार. शेवटचा आठवडा सगळ्यात मोलाचा. वरचा झाप रोज थोडा जास्त वेळ काढायचा आणि पाणी कमी करत आणायचं, पान किंचित मलूल होईपर्यंत. रोपाचा रंग गडद होतो, खोड घट्ट होतं. समुद्राकडून येणारा खारा वारा असलंच रोप सोसतं.

लावणीच्या दिवशी दुपारीच वाफा भरपूर भिजवला, म्हणजे मुळांना माती धरून राहते. माझा विचार सकाळी लावायचा होता, पण सासूबाई म्हणाल्या, "सांजवेळाच लाय गो. रातभर तेका सावरूक मेळता." त्यांचं खरंच आहे. रोप काढताना केसासारखी बारीक मुळं तुटतात, पानं मात्र तेवढीच राहतात आणि उन्हात पाणी उडवत राहतात. रात्रीत तो ताण पडत नाही.

रोप उचलायचं ते पानाला धरून किंवा खालून मातीसकट. एखादं पान फाटलं तर दुसरं येतं, पण खोड चिमटीत दबलं की रोप गेलंच. वांगी-मिरची वाफ्यात होती तेवढीच खोल लावली. टोमॅटो मात्र खालची पानं काढून निम्म्या खोडापर्यंत पुरला, कारण त्याच्या खोडालाही मुळं फुटतात. वांग्यात दोन फुटांचं अंतर ठेवलं. ते सुरुवातीला फार मोकळं दिसतं, तरी कमी करू नका, झाडं पसरली की वारा खेळायला जागा हवी. मुळाशी माती दोन बोटांनी दाबली आणि तांब्याने हळू पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला जांभळीची पानाळ डहाळी खोचली. दुपारचं ऊन तेवढं अडलं की बास. रोप पूर्ण झाकलं तर ते पुन्हा नाजूक होतं. पाणी सकाळी थोडं आणि सांजेला थोडं. मधल्या कोवळ्या पानाला तकाकी आली, ते उघडायला लागलं, की मुळं धरली. तेव्हा डहाळ्या काढल्या, पाणी एक दिवसाआड केलं आणि बुंध्यापासून जरा लांब पेंढा पसरला.

थोडी रोपं वाफ्यातच राखून ठेवली होती. आठवड्याने नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला ती उपयोगी पडली. दोन ठिकाणी खोड जमिनीलगत कुरतडलेलं होतं. माती उकरली तर करड्या अळ्या वेटोळं करून बसलेल्या सापडल्या. त्या वेचून काढल्या आणि मगच तिथे नवीन रोप लावलं. मर यंदा अजून कुठे दिसलेली नाही. पहिली वांगी काढलीत, पण पेला विहिरीच्या कठड्यावर ठेवलाय, एखादं झाड दुपारी माना टाकताना दिसलं तर लगेच पाहता येईल.